बावीस ऑक्टोबरची नोंद

"काका, तुम्ही फक्त एवढंच म्हणा की वही सापडत नाहीये," वल्लरी म्हणाली आणि पोह्यांवर लिंबू पिळू लागली.

"सापडत नाही म्हणजे? कपाटात आहे की."

"हो, पण गेल्या वर्षी इन्स्टिट्यूट नव्या बिल्डिंगमध्ये शिफ्ट झालं ना. त्या उमत्सुगमध्ये, सामान हलवताना, सगळ्यांच्याच किती गोष्टी गेल्या. त्यात वही गेली. विषय संपला."

वही कुठे आहे हे प्रताप साळवीला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. डार्मश्टाटच्या कडेला, जंगलाला लागून असलेल्या त्या छोट्या धातू-संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर, लोखंडी कपाटात, वरून दुसऱ्या खणात. कपाटाला एकच किल्ली होती आणि ती चोवीस वर्षं त्याच्याच खिशात होती. संस्थेत तो टेक्निशियन होता. धातूची पट्टी मशीनच्या जबड्यात धरायची, हजारो वेळा ओढायची आणि सोडायची, कितव्या हिसक्याला तुटली ते वहीत लिहायचं, तुटलेले दोन तुकडे पाकिटात घालायचे, पाकिटावर तारीख टाकायची, पाकीट कपाटात ठेवायचं. या कामाच्या जोरावर कितीतरी मुलं डॉक्टर झाली, दोघं तर प्रोफेसर झाले. प्रताप पाकिटं चिकटवत राहिला आणि त्याबद्दल त्याची काही तक्रारही नव्हती.

वल्लरी कारखानीस ही त्या डॉक्टर झालेल्यांपैकी एक. पुण्याहून नुकती आली होती तेव्हा पहिल्या हिवाळ्यात प्रतापच्या बायकोने, शोभनाने, तिला स्वतःचा जाड कोट दिला होता. चार वर्षं ती दर रविवारी यांच्याकडे जेवली. आता ती स्टुटगार्टला गाड्यांचे भाग करणाऱ्या एका कंपनीत होती, जानेवारीत तिथे गटप्रमुख होणार होती, आणि आज, जून महिन्यातल्या एका शनिवारी, सकाळच्या गाडीने न कळवता आली होती.

कारण होतं जर्नलचं पत्र. दहा दिवसांपूर्वी वल्लरी, प्रताप आणि संस्थेचे प्रोफेसर हार्टविग या तिघांनाही एकच ई-मेल आला होता. तिघांच्या नावाने २०१६मध्ये छापलेल्या पेपरात तीस चाचण्यांचे आकडे होते, आणि कुणा वाचकाने कळवलं होतं की त्यातले बरेचसे एकमेकांवरून उतरवून काढल्यासारखे दिसतात. संपादकांनी मूळ नोंदी मागवल्या होत्या. मुदत तीस दिवस.

"मला एक सांग," प्रताप म्हणाला, "तीस कुठून आले? मी तुझ्या अकराच पट्ट्या तोडल्या."

वल्लरीचा हात थांबला. "काका, तुम्ही पेपर वाचला नव्हतात?"

वाचला नव्हता. पेपरावरचं स्वतःचं नाव मात्र त्याने किती वेळा वाचलं असेल याला गणती नव्हती. त्याआधीच्या बावीस वर्षांत एक्केचाळीस पेपरांमध्ये त्याचं नाव आलं होतं, पण सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरांत: तांत्रिक मदतीबद्दल श्री. साळवी यांचे आभार. एकदा तर श्रीयुतांच्या ऐवजी श्रीमती छापलं होतं. ती सगळी पानं त्याने एका फाइलमध्ये ओळीने लावून ठेवली होती आणि शोभनाखेरीज कुणाला दाखवली नव्हती. मग एके दिवशी वल्लरी प्रयोगशाळेत येऊन म्हणाली, "काका, तुमच्या हातांशिवाय हे झालंच नसतं. या वेळी तुमचं नाव वर, लेखकांमध्ये. प्रोफेसरांनाही चालतंय." प्रताप दोन मिनिटं चष्मा पुसत राहिला होता.

तेव्हा एक फॉर्म आला होता. 'अंतिम मसुदा मी पूर्ण वाचला आहे व तो मला मान्य आहे,' असं त्यावर होतं, खाली सहीची जागा. एकोणीस पानांचं इंग्रजी. प्रोफेसरांनी आणि वल्लरीने लिहिलेलं आपण काय तपासायचं? मिरजेच्या आयटीआयमधून आलेल्या प्रतापला एक गोष्ट लहानपणापासून शिकवलेली होती, की मोठ्या माणसाने मानाने पुढे केलेला कागद वाचत बसलं तर तो त्याचा अपमान होतो. त्याने सही केली. वर संस्थेच्या चहाच्या खोलीत पेढे नेले. ते कशाचे आहेत हे जर्मन मंडळींना समजावून सांगताना त्याची पुरेवाट झाली. पहिल्या पानाची प्रत मिरजेला गेली आणि थोरल्या भावाने, राजाभाऊंनी, ती फ्रेम करून आपल्या पंप-दुरुस्तीच्या दुकानात गणपतीशेजारी लावली.

"अकराचे तीस तू केलेस?" प्रतापने आता विचारलं.

"काका, ट्रेंड बरोबर होता. खोटं काहीच नव्हतं त्यात, म्हणजे निष्कर्ष खोटा नव्हता. प्रोफेसर म्हणाले की अकरावर कुठलाही रिव्ह्यूअर मान्य करणार नाही, आणखी डेटा आण. माझा फर्ट्राग, नोकरीचा करार, संपत होता, व्हिसा संपत होता. कुठून आणणार होते मी?"

"मला सांगायचंस. मी तोडल्या असत्या."

"तीन महिने लागले असते."

"लागले असते," प्रताप म्हणाला.

वल्लरीने त्याचा हात धरला. "वही हरवली म्हटलं की जर्नल म्हणेल, नोंदी उपलब्ध नाहीत. पेपर मागे घेतील. कुणावर ठपका नाही, काही नाही. म्हणायला काय जातं काका?"

म्हणायला जाणारच होतं. चोवीस वर्षं ज्या माणसाने एक पाकीट हरवलं नाही त्याने वही हरवली म्हणून सांगायचं. त्याच्याकडे दाखवायला डिग्री नव्हती, घर भाड्याचं होतं, पोरबाळ नव्हतं. एक नीट राखलेलं कपाट होतं.

"तू प्रोफेसरांना खरं काय ते सांग," तो म्हणाला. "मी येतो तुझ्याबरोबर. माणसाकडून चूक होते. ते तुला सांभाळून घेतील."

वल्लरी रडली. शोभनाने तिला पाणी दिलं. "हो काका, सांगते. सोमवारी सांगते," ती डोळे पुसत म्हणाली. निघताना तिने दोघांना वाकून नमस्कार केला आणि शोभनाने तिच्या पिशवीत चकल्यांचा डबा ठेवला.

सोमवारी तिने सांगितलंही. काय सांगितलं ते मात्र प्रतापला ऑगस्टमध्ये कळलं.

*

तो रविवार प्रतापने शब्दकोश घेऊन तो पेपर पहिल्यांदा वाचण्यात घालवला. शेवटी एक तक्ता होता, तीस ओळींचा, प्रत्येक चाचणीपुढे तारीख. स्वतःच्या अकरा तारखा त्याने पेन्सिलीने खुणावल्या. उरलेल्या एकोणीस तारखांवर बोट फिरवताना ते एका ओळीवर थांबलं. २२ ऑक्टोबर २०१५.

"अगं, इकडे ये जरा. दोन हजार पंधराचा दसरा कधी होता?"

शोभनाने भिंतीवरून जुनी कॅलेंडरं कधीच फेकली नव्हती, ती नव्याच्या मागे लटकत असत. तिने उलटून पाहिलं. "बावीस ऑक्टोबर. गुरुवार. अहो, त्या दिवशी तर वल्लरी आपल्याकडे जेवायला होती. श्रीखंड दोनदा घेतलं होतं तिने."

दसऱ्याला प्रताप मशीन चालवत नसे. संस्थेत लागला त्या वर्षापासूनचा हा नेम. आदल्या दिवशी मशीन पुसून, तेलपाणी करून ठेवायचं. दसऱ्याला सकाळी शोभनाच्या गॅलरीतल्या कुंडीतलं झेंडूचं फूल, हळदकुंकू, दोन उदबत्त्या. त्याही पेटवायच्या नाहीत, नाहीतर छतातला अलार्म बोंबलेल. नारळ घरी. मग दिवसभर मशीन बंद. वडील मिरजेला सूतगिरणीत होते, तिथे असंच चालायचं; ज्याच्यावर पोट चालतं त्याला वर्षातून एक दिवस विश्रांती. वही तर तो आदल्या संध्याकाळी घरीच आणत असे, पाटावर ठेवून शोभना तिची पूजा करी, आणि सकाळी ती कपाटात परत जाई. आता जर्मन वहीत त्या दिवशी काय लिहायचं? रकाना रिकामा ठेवणं नियमात बसत नव्हतं. म्हणून पहिल्या वर्षी त्याने लिहिलं 'वार्टुंग', म्हणजे देखभाल, आणि पुढे दर वर्षी तेच लिहीत गेला.

"थांबा," शोभना म्हणाली. तिने फोनमध्ये खाली खाली जात एक फोटो काढला. मशीन, त्याच्या डोक्यावर झेंडू, कुंकवाची दोन बोटं. तारीख बावीस ऑक्टोबर. वल्लरीने स्वतः काढून काकूला पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'आज मशीनबाईंना सुट्टी.'

प्रतापला त्या रात्री शांत झोप लागली. वल्लरी स्वतः कबूल करणार होतीच. आणि नाहीच केलं तर हा फोटो होता. खऱ्या माणसाला घाबरायचं कारण नाही असं त्याला खरोखरच वाटत होतं. वयाची अठ्ठावन्न वर्षं उलटल्यावरही असं वाटू शकणारी माणसं असतात.

*

संस्थेने नेमलेली चौकशी समिती ऑगस्टमध्ये बसली. अध्यक्ष होत्या फ्राउ लिंडनर, बाहेरून नेमलेल्या, कायद्याच्या. शेजारी दोघं प्राध्यापक, जे दोन तासांत मिळून चार वाक्यं बोलले. प्रोफेसर हार्टविग साक्षीदार म्हणून आले होते, पण खुर्ची त्यांना समितीच्या बाजूची मिळाली. ते जर्नलच्या संपादक मंडळावरही होते. या प्रकरणापुरते त्या मंडळातून बाजूला झाल्याचं त्यांनी लेखी दिलं होतं, म्हणजे सगळं रीतसर होतं. वल्लरी त्यांच्या पलीकडे बसली होती. कामगारांच्या बाजूने बसणारा संस्थेचा प्रतिनिधी सुट्टीवर समुद्रकिनारी गेला होता. सगळं जर्मनमध्ये चाललं होतं.

प्रतापने टेबलावर वही ठेवली आणि तिच्या शेजारी अकरा पाकिटं ओळीने मांडली.

"हेर साळवी, ही वही तुम्ही एकटे लिहिता?" फ्राउ लिंडनरनी विचारलं.

"हो."

"त्यावर दुसऱ्या कुणाची सही?"

"नाही. कुणी कधी मागितली नाही."

"कपाटाच्या किल्ल्या किती?"

"एक. माझ्याकडे असते," प्रताप म्हणाला, आणि म्हणताना त्याची मान थोडी ताठ झाली.

"मग एकोणीस पाकिटं का नाहीत, हे तुम्हीच सांगू शकाल."

"पाकिटं नाहीत कारण त्या पट्ट्या तुटल्याच नाहीत. तोडल्याच नाहीत कुणी."

प्रोफेसर हार्टविग खिन्नपणे हसले. ते कधी आवाज चढवत नसत. "माइन लीबर हेर साळवी," ते आपुलकीच्या सुरात म्हणाले, "फ्राउ डॉक्टर कारखानीस यांनी जूनमध्येच माझ्याकडे येऊन सांगितलं, की त्यांना तीस चाचण्यांच्या फाइली तुमच्याकडून मिळाल्या. त्यांनी विश्वास ठेवला. मीही ठेवला. दुर्दैवाने मशीनचा जुना संगणक स्थलांतरात निकालात निघाला, त्यामुळे आता फाइली कुणाकडेच नाहीत."

प्रतापने वल्लरीकडे पाहिलं. ती समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होती.

"गेनाऊ," ती म्हणाली. म्हणजे, अगदी बरोबर.

फ्राउ लिंडनरनी पेपराचं शेवटचं पान काढलं आणि वाचून दाखवलं. कोणाचं योगदान काय, ही हल्ली जर्नलला द्यावी लागणारी ओळ. सर्व मापने: पी. साळवी. विश्लेषण आणि लेखन: व्ही. कारखानीस. मार्गदर्शन: आर. हार्टविग. ही ओळ प्रतापला पाठ होती. राजाभाऊंना फोनवर त्याने ती तीनदा वाचून दाखवली होती, 'सर्व' या शब्दावर जोर देऊन.

"या फॉर्मवर सही तुमची आहे? मसुदा वाचला असल्याची?"

"सही माझी आहे," प्रताप म्हणाला. "वाचला नव्हता."

त्या दोघा प्राध्यापकांपैकी एकाने काहीतरी लिहून घेतलं.

मग प्रतापने आपला हुकमी पत्ता काढला. त्याने वहीत बावीस ऑक्टोबरचं पान उघडलं आणि तक्त्यातली ओळ दाखवली. "या दिवशीची चाचणी पेपरात आहे. वहीत बघा. चाचणी नाही."

"वहीत वार्टुंग लिहिलं आहे," हार्टविग म्हणाले. "देखभालीला तासभर लागतो. उरलेल्या दिवसात चाचणी होऊ शकते."

"नाही, त्या दिवशी मशीन पूर्ण दिवस बंद होतं."

"का?"

प्रतापने सांगितलं. दसरा, वडील, सूतगिरणी, झेंडू. सांगताना त्याचं जर्मन अडखळलं, कारण या गोष्टी तो त्या भाषेत कधी बोललाच नव्हता. मग त्याने फोटो पुढे केला आणि खालच्या ओळीचा अर्थ सांगितला. आज मशीनला सुट्टी. पाठवणारीचं नाव वर स्पष्ट दिसत होतं.

फ्राउ लिंडनरनी वल्लरीला विचारलं, "हा अनुवाद बरोबर आहे?"

"साधारण," वल्लरी म्हणाली. "तो विनोद होता. फोटो सकाळचा आहे. त्यानंतर दिवसभरात हेर साळवींनी मशीन चालवलं की नाही, मी सांगू शकत नाही. त्यांच्या धार्मिक बाबींत मी पडत नव्हते."

हेर साळवी. पाच वर्षांत पहिल्यांदा.

"अगं, संध्याकाळी आमच्याकडे जेवलीस ना तू?" प्रताप मराठीत म्हणाला. "काकूने केलेलं श्रीखंड..."

"कृपया जर्मनमध्ये," फ्राउ लिंडनर म्हणाल्या.

वल्लरीने अनुवाद केला नाही. प्रतापनेही केला नाही. श्रीखंडाचं जर्मन त्याला सुचेना.

हार्टविगनी चष्मा लावला आणि फोटो बोटांनी मोठा केला. "म्हणजे वार्टुंग नव्हती," ते हळू म्हणाले. "वहीत देखभाल लिहिलंय आणि देखभाल झाली नव्हती."

"आदल्या दिवशी झाली होती..."

"बावीस तारखेला नव्हती. म्हणजे ही नोंद खोटी आहे. अशा किती आहेत?"

प्रताप खोटं बोलायला शिकला असता तर जूनमध्येच शिकला असता. "दर वर्षी एक," तो म्हणाला.

"आणि हे लाल काय आहे?"

"कुंकू."

"पावडर. भार मोजणारा सेन्सर इथून किती लांब?"

"वीतभर. पण त्याने काही फरक पडत नाही, साहेब. तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. त्या दोन बोटं कुंकवाने मशीनचा आकडा केसभरही हलला नसता. हार्टविगना ते माहीत होतं, वल्लरीला माहीत होतं, त्या दोघा मुक्या प्राध्यापकांनाही माहीत असावं. माहीत नव्हतं एकट्या फ्राउ लिंडनरना, आणि त्यांना सांगायला कुणी तोंड उघडलं नाही. त्यांनी लिहून घेतलं: मोजमापाच्या यंत्रावर अनेक वर्षं परकी पावडर, नोंदवहीत कबुली दिलेल्या खोट्या नोंदी. त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला. आत्तापर्यंत त्यांच्यापुढे एकाचा शब्द विरुद्ध दुसऱ्याचा शब्द होता आणि त्यातून अहवाल कसा लिहावा हे त्यांना सुचत नव्हतं. आता धागा मिळाला होता. तो प्रतापने स्वतःच आणून दिला होता, फोटोसकट.

वही त्यांनी ठेवून घेतली. पाकिटं परत दिली.

बाहेर जिन्याशी वल्लरी त्याच्याजवळून गेली. क्षणभर थांबली. "मी म्हटलं होतं ना काका, हरवली म्हणा," ती खालच्या आवाजात म्हणाली. तिला त्याचा खरंच राग आला होता. जे तिघांचं निभावलं असतं ते याने हट्टाने बिघडवलं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग ती प्रोफेसरांच्या मागे वर गेली.

*

सप्टेंबरमध्ये जर्नलचा फॉर्म आला. पेपर मागे घेण्याची सूचना सोबत जोडली होती आणि लेखकांसाठी दोन चौकोन होते: सहमत, असहमत. या वेळी प्रतापने प्रत्येक शब्द वाचला. पेपर मागे घ्यायला त्याची काहीच हरकत नव्हती, तो घ्यायलाच हवा होता. पण दिलेलं कारण खोटं होतं. तिसरा चौकोन नव्हता. त्याने आणि शोभनाने मिळून चार पानी पत्र लिहिलं. संपादकांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, सभ्य आणि दोन ओळींचं: संस्थेच्या चौकशीच्या निष्कर्षात जर्नल ढवळाढवळ करत नाही, कृपया चौकोन निवडावा. प्रतापने 'असहमत'वर खूण केली.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सूचना छापून आली. 'मापनांची विश्वासार्हता राखली गेली नसल्याने हा पेपर मागे घेण्यात येत आहे. मापनांची जबाबदारी पी. साळवी यांची होती. इतर लेखकांना याची कल्पना नव्हती. त्यांना या प्रकाराचा खेद असून त्यांनी मागे घेण्यास संमती दिली आहे. पी. साळवी यांचा पेपर मागे घेण्यास विरोध आहे.' पाच वाक्यांत त्याचं नाव दोनदा आलं होतं आणि स्पेलिंग दोन्हीकडे बरोबर होतं.

संस्थेने त्याला काढलं नाही. काढलं असतं तर तो कोर्टात गेला असता, आणि कोर्टाने ती वही उघडली असती. हार्टविगनी स्वतः खाली येऊन त्याला सांगितलं की आपण इतक्या वर्षांचे सहकारी आहोत, मी तुमच्यासाठी शब्द टाकलाय. मशीन ओलाफ नावाच्या नव्या माणसाकडे गेलं. किल्ली प्रतापने त्याच्या हातात दिली. प्रतापला तळघरातलं काम मिळालं: दहा वर्षांहून जुनी पाकिटं उघडायची, कागद एका पिंपात टाकायचा, धातू दुसऱ्यात. पाकिटांवरचं अक्षर त्याचंच होतं. पहिल्या दिवशी तो प्रत्येक तारीख वाचत होता, त्यामुळे काम मागे पडलं. ओलाफने येऊन सांगितलं की वाचायची गरज नाही.

वल्लरीच्या डिग्रीला धक्का लागला नाही. तिने विश्वास ठेवला होता आणि विश्वास ठेवणं हा गुन्हा नाही, असं अहवालात होतं.

एका दुपारी मिरजेहून राजाभाऊंचा फोन आला.

"प्रताप, सुमेधाने आज दुकानात मोबाइलवर तुझा पेपर उघडला." सुमेधा म्हणजे त्यांची सून. "गिऱ्हाइकाला दाखवत होती मी सांगितलं म्हणून. पानापानावर तिरकं, लाल अक्षरात काय छापलंय रे ते? तिने वाचलं आणि मला सांगेना."

प्रताप दोन्ही पिंपांच्या मध्ये उभा होता. "राजाभाऊ, ती फ्रेम काढून ठेवा."

पलीकडे राजाभाऊंनी चालू पंप बंद केला.

"भिंतीवर चौकोन दिसेल रे," राजाभाऊ म्हणाले. "मागचा रंग राहिलाय."

"कॅलेंडर लावा."

"बरं," राजाभाऊ म्हणाले. पुढे त्यांनी काही विचारलं नाही, थंडी पडली का एवढं विचारून फोन ठेवला.

*

त्या वर्षी दसरा अठरा ऑक्टोबरला आला, गुरुवारीच. सकाळी साडेसहाला शोभनाने पाट मांडला, त्याच्याभोवती रांगोळीच्या चार रेघा काढल्या, गॅलरीतला झेंडू खुडून आणला. चांगली साडी नेसली होती. प्रताप कामाचे कपडे घालून बाहेर आला. टेबलावर फोन वाजला. वल्लरीचा संदेश होता, आपट्याच्या पानांचं चित्र, सोनं घ्या म्हणून. तिच्या यादीतल्या सगळ्यांना एकदम गेलेला असणार. नावं गाळत बसायला तिला वेळ झाला नसेल. शोभनाने तो पाहिला आणि फोन पालथा ठेवला.

"वही?" तिने सवयीने विचारलं, आणि विचारल्यावर तिच्या लक्षात आलं.

"फाइलीत आहे. त्यांच्याकडे."

पाट रिकामाच होता. शोभनाने घरभर नजर टाकली. शिवणाचं मशीन तिने मागेच विकलं होतं. एक्केचाळीस पानांची ती फाइल शेल्फवर होती, पण तिच्याकडे बघायचं दोघांनीही टाळलं.

"मग हात द्या," ती म्हणाली.

"कशाला?"

"द्या हो. याच हातांवर चाललंय सगळं."

तिने त्याचा उजवा हात ओढून पाटावर ठेवला. अंगठ्याशी पाकिटांच्या कागदाने कापलेल्या बारीक रेघा होत्या. तिने त्यावर हळद लावली, मग करंड्यात बोट बुडवलं आणि कुंकवाचं बोट पुढे आणलं.

प्रतापने हात मागे घेतला.

"नको," तो म्हणाला. "याचा डाग राहतो. कामावर कुणी बघितलं तर."

तो मोरीत गेला आणि साबण लावून हळदही धुऊन आला, नखांच्या कडांपर्यंत. शोभना तशीच बसून होती. मग तिने ते बोट पदराला पुसलं आणि त्याचा डबा भरायला उठली.